गिलबर्ट हिलवरचा पिंपळ आणि आमच्या कंपाउंडमधली माती

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी गिलबर्ट हिलचा फोटो टाकला. पावसाने धुतलेला काळाभोर कातळ, वर गावदेवीच्या देवळाभोवतीची झाडी, आणि मधल्या एका भेगेतून डोकावणारं पिंपळाचं रोपटं. त्या रोपट्याभोवती लाल गोल. खाली मजकूर: ‘ही झाडं आपला हिल फोडतायत, प्रशासन झोपलंय का?’ तासाभरात तीस-चाळीस प्रतिक्रिया. एकाने ॲसिड ओतायला सांगितलं, एकाने वरून खालपर्यंत सिमेंट मारायला. एका काकांनी तर ‘निसर्गप्रेमींनी आता उत्तर द्यावं’ असं लिहून माझं नावच टॅग केलं.

तिथे उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत मावणारं नव्हतं. इथे लिहिते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी कबुली. पिंपळ दगड फोडतो, हे खरं आहे. वड, उंबर, पिंपरी सगळेच फोडतात. कावळा, कोकीळ, बुलबुल फळ खातात, कातळावर येऊन बसतात, शिटतात. पिंपळाचं बी मोहरीहूनही बारीक. ते शिटेसकट भेगेत पडतं, म्हणजे खताचा डबा सोबत घेऊनच येतं म्हणा ना. पहिलं मूळ केसाएवढं असतं. ते भेगेत शिरतं, ओल शोधत खाली जातं, आणि मग वर्षानुवर्षं जाड होत राहतं. जागा अपुरी पडली की दगडाला सरकावं लागतं. हे तुम्ही जुन्या चाळींच्या गच्चीवर आणि ड्रेनेजच्या पाइपामागे पाहिलं असेलच.

पण त्या फोटोत एक गोष्ट नीट बघा. गिलबर्ट हिल म्हणजे साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थिजलेला खांब. उंची सुमारे ६१ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. लांबून तो पेन्सिलींचा जुडगा उभा करून ठेवल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. त्या भेगा पिंपळाने पाडलेल्या नाहीत. पिंपळ, पक्षी, आपण, सगळे फार नंतर आलो. त्याने फक्त तयार भेगेत पाय ठेवला.

आणि त्याच्याही आधी तिथे कुणीतरी येऊन गेलेलं असतं. घरात गोडा मसाला होत असेल तर दगडफुलाचा डबा उघडून बघा. ते काळपट, चुरगळलेल्या कागदासारखं दिसतं ना, ती वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. शैवाल उन्हावर अन्न करतं, बुरशी घर आणि ओल पुरवते. मसाल्यातलं दगडफूल झाडाच्या सालीवर आणि खडकांवर वाढतं. त्याचीच चपटी भावंडं उघड्या कातळावर रंगाचे शिंतोडे उडाल्यासारखी चिकटून बसतात, राखाडी, फिकट हिरवी, कधी नारिंगी. ही मंडळी ऑक्झॅलिक आणि तसलीच दुसरी आम्लं सोडतात, आणि बुरशीचे सूक्ष्म धागे दगडाच्या कणाकणांमध्ये घुसवतात. दगड ओला झाला की धागे फुगतात, सुकला की आकसतात. वरचा पापुद्रा हळूहळू सैल होतो. नखाने खरवडला तर भुगा निघतो, तो त्यांचा उद्योग. प्रदूषण त्यांना सोसत नाही. कान्हेरीच्या वाटेवर हे ठिपके पावलापावलावर दिसतात, लिंक रोडच्या धुराजवळ मला शोधूनही फारसे सापडले नाहीत.

पावसाळ्यात भिंतींवर, कातळावर काळी-हिरवी बुळबुळीत साय धरते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो आणि तिच्यावरून पडतो. त्या सायीत निळं-हरित शेवाळ म्हणून सूक्ष्म जीव असतात आणि त्यांचं काम अजब आहे. आपल्या काळ्या दगडात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, लोह भरपूर, थोडं फॉस्फरसही आहे. पण झाडाला सगळ्यात जास्त लागणारा नायट्रोजन त्यात जवळजवळ नाहीच. तो हवेत आहे, आणि झाडाला हवेतला थेट घेता येत नाही. हे जीव तो हवेतून पकडून दगडावर आणून ठेवतात. त्यांचा थर मरतो, त्यावर शेवाळाची गादी बसते, गादीत धूळ अडकते, धुळीत गवताचं बी रुजतं. म्हणजे पिंपळाचं बी पडतं तेव्हा बिछाना आधीच घातलेला असतो.

मुळांचा जोर सगळ्यांना दिसतो, मुळांचा श्वास कुणाला दिसत नाही. मूळही श्वास सोडतं, मातीतले कोट्यवधी जीवही सोडतात. त्यामुळे मातीच्या छिद्रांमधल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपट असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपताना सौम्य आम्ल होतं, सोड्यासारखं. ते सोडावॉटर वर्षानुवर्षं दगडाला धूत राहतं. टणक काळा दगड आधी तपकिरी होतो, मग त्याचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. पाया खणलेल्या खड्ड्यात वाकून बघितलंत तर हे सगळे टप्पे एकाखाली एक दिसतात: वर गडद माती, खाली मुरूम, मग अर्धवट कुजलेले गोलसर धोंडे, तळाशी काळा कातळ. आमच्या शेजारच्या रीडेव्हलपमेंटच्या खड्ड्यात मी दोन दिवस हेच बघत उभी होते. वॉचमनला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

एकाच दगडाच्या दोन माती कशा होतात तेही यातच आहे. तुमच्यापैकी कुणाचं गाव रत्नागिरीत असेल, कुणाचं परभणीत. दोन्हीकडे खाली बहुतेक ठिकाणी हाच लाव्ह्याचा दगड. कोकणात पाऊस इतका की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका वाहून जातात आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरतं. त्या लोहाचा गंज म्हणजे आपली लाल माती. देशावर पाऊस कमी, क्षार तिथेच राहतात आणि फुगणारी चिकणमाती तयार होते. ती काळी कापसाची जमीन, उन्हाळ्यात जिच्या भेगेत हात जातो. दोन्हीकडे कष्ट करणारे तेच: मुळं, बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं. डार्विनने म्हातारपणी गांडुळांवर पुस्तक लिहिलं, १८८१ मध्ये. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशोब होता. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा माणूस शेवटची वर्षं गांडुळांच्या विष्ठेचं वजन करत होता, हे मला फार आवडतं.

आणि या सगळ्याला वेळ किती लागतो? एक सेंटिमीटर माती व्हायला काही शतकं, कुठेकुठे हजार वर्षं. आपल्याकडचा पाऊस आणि उष्णता हे काम लवकर करतात, तरी माणसाच्या आयुष्याच्या मापात ते बसत नाही.

आता त्या लाल गोलाकडे परत येते. हिल कुणी खाल्ला? पिंपळाने की आपण? गिलबर्ट हिलच्या आजूबाजूला एकेकाळी बराच मोठा डोंगर होता. तो खाणींनी खाल्ला. त्याची खडी झाली, रस्ते झाले, इमारती झाल्या. आज जो सुटा खांब उभा दिसतो तो आजूबाजूचं सगळं तोडून झाल्यावर उरलेला आहे. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ मध्ये महापालिकेने वारसा यादीत श्रेणी-२ मध्ये घातलं. आणि आज त्याच्या पायाला काय आहे ते जाऊन बघा. भिंती टेकलेल्या, गाड्या लावलेल्या, सांडपाणी मुरतंय. असा खडक बघायला लोक अमेरिकेत डेव्हिल्स टॉवरला जातात. इथे रिक्षावाल्यालाही ‘देवळापाशी’ म्हणून सांगावं लागतं.

म्हणून माझं मत असं. भेगेतली कोवळी रोपं काढायला हरकत नाही. ती हाताने, मुळासकट, लहान असतानाच काढावीत, आणि दोर लावून उतरणाऱ्या माहितगार माणसांनी भूवैज्ञानिकांना विचारून काढावीत. ॲसिड अजिबात नको. शेवाळ जे शंभर वर्षांत करतं ते तुम्ही एका दुपारी कराल. आणि मोठं झालेलं झाड नुसतं कापून टाकणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. झाड मेलं की आतली मुळं कुजतात, त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात आणि पुढचा प्रत्येक पाऊस थेट खडकाच्या पोटात जातो. जे मूळ फोडत होतं तेच धरूनही ठेवत होतं. वरच्या झाडीला हात लावू नये. सिमेंट मारायची सूचना करणाऱ्या दादांना एवढंच विचारते, की आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार?

पण मला खरं तर हिलबद्दल कमी आणि त्या चाळीस जणांबद्दल जास्त बोलायचंय. त्यांत अर्धे माझ्याच सोसायटीतले आहेत. साडेसहा कोटी वर्षांचा दगड फुटतोय म्हणून ते कळवळले. त्या दगडापासून झालेली माती आम्ही आमच्या कंपाउंडमध्ये दोन वर्षांपूर्वी एका आठवड्यात बुजवली, तेव्हा कुणालाच काही वाटलं नव्हतं. मीही सभेला गेले नव्हते, हेही कबूल करते.

ठराव होता ‘चिखलमुक्त परिसर’. खाली काँक्रीट, वर पेव्हर ब्लॉक, भिंतीपासून भिंतीपर्यंत. झाडांच्या बुंध्याला सिमेंटची कॉलर अशी घट्ट बसवली की पत्र्याचा डबा घालता येणार नाही. कोपऱ्यातली जी माती खरवडून काढली ती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली होती. ती डेब्रिसच्या ट्रकमधून विटांच्या तुकड्यांबरोबर गेली. गेल्या उन्हाळ्यात जांभळाचा अर्धा भाग वाळला. कमिटीचं म्हणणं, झाड म्हातारं झालं होतं. असेलही. पण मुळांना श्वास घ्यायला जागा नाही आणि पाणी आत जायला वाट नाही, अशा अवस्थेत तरणं झाडही म्हातारंच होणार.

आता आमचा रोजचा कार्यक्रम बघा. सकाळी सफाईवाले मामा बदामाची, आंब्याची पानं झाडतात. पिवळी, लाल, कोरडी, स्वच्छ पानं. ती काळ्या पिशव्यांत भरतात आणि कचऱ्याच्या गाडीत देतात. आणि त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या ताई बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी लाल मातीची गोणी मागवतात, सोबत गांडूळखताचं पाकीट. ती लाल माती कुठल्यातरी डोंगराचं अंग खरवडून आलेली. म्हणजे आपण आपलं बनवायचं यंत्र बंद केलं, कच्चा माल फेकून दिला आणि तयार माल दुसऱ्याच्या डोंगरावरून विकत आणला. ताईंना दोष देत नाही, माझ्याही बाल्कनीत तीच गोणी आहे.

हे फक्त सोसायट्यांपुरतं नाही. रस्ते काँक्रीटचे करण्याच्या मोहिमेत फुटपाथवरच्या झाडांचं काय झालं ते कुठल्याही गल्लीत वाकून बघा. कडेची मुळं तोडलेली, काँक्रीट बुंध्याला भिडलेलं. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. आपल्याकडेही अधूनमधून बुंधे मोकळे करण्याची मोहीम निघते, फोटो येतात, आणि पुढच्या वर्षी दुसरा कंत्राटदार येऊन पुन्हा भरून जातो. पालापाचोळ्याचंही तसंच. २०१६ च्या घनकचरा नियमांत उघड्यावर जाळायला मनाई होती आणि बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायला सांगितलं होतं. तरी जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी धुराचा वास येतोच.

यामागे मला एक मूळ चूक दिसते. आपला कायदा झाडं मोजतो. १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगी लागते, बदल्यात झाडं लावावी लागतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत एका रात्री तोड सुरू झाली आणि दोन हजारांवर झाडं गेली. तेव्हाही सगळा वाद आकड्यांचा होता, किती तोडली, किती लावली, किती जगली. त्या झाडांखाली जी माती होती तिचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. झाड पंचवीस-तीस वर्षांत परत उभं राहू शकतं. माती खरवडून नेली, वर भराव टाकला, रोलर फिरवला, की ‘बदली’ लावलेलं रोप मुरुमात आणि डेब्रिसमध्ये उभं असतं. ते का जगत नाही याची चौकशी मग समिती नेमून करतात.

माती जपली की काय होतं त्याचंही उदाहरण लांब नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या लेणींचा दगड आणि आपला दगड एकाच लाव्ह्याच्या कुळातले. तिथे त्यावर जंगल आहे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून त्यांच्या भोवतालचं पाणलोट क्षेत्र बंद ठेवलं गेलं (त्यासाठी माणसं हटवली गेली, तेही विसरू नये). त्या बंद कुंपणाआड पानं पडत राहिली, कुजत राहिली, मुळं दगड कुरतडत राहिली. जुलैत तिथल्या ओढ्याला बसून बघा, पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी पाणी वाहत असतं. आमच्या गल्लीत पाऊस थांबला की पाणी घोट्याएवढं साचलेलं तरी असतं, नाहीतर दहा मिनिटांत गटारात गेलेलं असतं. मधलं काही नाही. अंधेरी सबवे मातीमुळे तुंबायचा थांबेल असं मी म्हणत नाही, तो मुळातच खोलगट आहे आणि २००५ सारखा पाऊस आला तर कुठलीच माती पुरणार नाही. पण प्रत्येक कंपाउंडने आपलं पाणी ढकलून रस्त्यावर द्यायचं आणि मग महापालिकेला शिव्या घालायच्या, यात काहीतरी गडबड आहे.

गंमत म्हणजे जगात उलटं चाललंय. काळ्या दगडाची पूड शेतात पसरायची, पाणी, मुळं आणि जिवाणू ती कुजवतील, त्या प्रक्रियेत हवेतला कार्बन बांधला जाईल आणि जमिनीलाही क्षार मिळतील, असे प्रयोग चालू आहेत. आपल्या देशातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर हेच काम करणाऱ्या ‘माटी कार्बन’ला २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेत पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. दगडाची माती होताना किती मोलाचं काम होतं याला आता डॉलरमध्ये किंमत आहे. आमच्या सोसायटीत मात्र त्याला चिखल म्हणतात.

कमिटीचे आक्षेप मला पाठ आहेत. डास होतात. डास साचलेल्या पाण्यात होतात, भुसभुशीत मातीत पाणी साचत नाही. उलट आमच्या सिमेंटच्या कॉलरींमध्ये साचतं, वाटीसारखं. साप येतात: पालापाचोळ्याचा उघडा ढीग असेल तर उंदीर येतील आणि उंदरांमागे तेही, म्हणून ढीग नको, जाळीचा खड्डा हवा. पार्किंग जातं: बुंध्याभोवतीच्या तीन फुटांत तशीही गाडी लागत नाही, स्कूटर लागते, ती दोन हात पुढे लागेल. ज्येष्ठ नागरिक घसरतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. चालायची वाट पक्की हवीच, माझी आई वॉकर घेऊन चालते. वाट पक्की करा. सगळं कंपाउंड म्हणजे वाट नव्हे. गावाकडचा पार आठवा. भोवती दगड रचलेले, म्हाताऱ्यांना बसायला कट्टा, आणि आत माती, वडाच्या मुळांना मोकळी. कुणी घसरत नव्हतं आणि वडही मरत नव्हता.

तर येत्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे. मी लेखी ठराव दिलाय: अकरा झाडांभोवती तीन-तीन फूट ब्लॉक काढायचे, खालचं काँक्रीट फोडायचं, आणि मागच्या भिंतीलगत पानांसाठी जाळीचा एक खड्डा करायचा. मामांना विचारलं, ते म्हणाले, पिशव्या भरून गेटपर्यंत ओढण्यापेक्षा हे सोपं. सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, मागच्याच वर्षी एवढा खर्च केलाय, आता उखडायचं म्हणजे लोक विचारतील.’ विचारू देत. कोरम नेहमीप्रमाणे होणार नाही, अर्धा तास थांबून सभा घ्यावी लागेल, तेवढ्या वेळात मी खाली जांभळापाशी उभी असेन. ज्या काकांनी मला टॅग केलं त्यांनीही यावं, मताला मत लागणार आहे.

अंधेरी, जोगेश्वरी, विलेपार्ल्यात कुणाच्या सोसायटीने असे बुंधे मोकळे केले असतील तर आधीचा आणि नंतरचा फोटो खाली टाका. खर्च किती आला आणि कंत्राटदार कुरकुरला का, तेही लिहा. शनिवार रात्रीपर्यंत मिळालं तर छापून सभेत वाटता येईल.